एनईपी (नवं शैक्षणिक धोरण): पहिल्या सत्रातल्या ओई-आयकेएसचा पसारा आवरायचा कसा?

वेळापत्रक_समिती:
नमस्कार. अनुदानित महाविद्यालय, तिन्ही शाखा मिळून पहिल्या वर्षाला 600 मुलं. सत्राच्या 22 क्रेडिटांपैकी (श्रेयांकांपैकी) 6 मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे. उरलेल्या 16 मध्ये ओई (खुला निवड विषय) दोन, शिवाय व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (क्षमतावृद्धी, म्हणजे भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), सीसी (सहअभ्यासक्रम), असे दोन-दोन क्रेडिटांचे आठ पेपर. ओईला 26 विषय जाहीर झालेत. कुठे 9 मुलं, कुठे 140. कात्री कुठून लावायची?

खडू_फळा:
सर, आधी विषय नव्हे, तास ठरवा. ओई दुसऱ्या विद्याशाखेचा घ्यायचा असतो, म्हणून तिन्ही शाखा एकाच वेळी मोकळ्या हव्यात. मंगळवार-गुरुवारचे पहिले दोन तास दोन ओईंना राखून ठेवा. तेव्हा मेजरचं लेक्चर नको, प्रॅक्टिकलही नको. दोन क्रेडिट म्हणजे 30 तास, आठवड्याला दोन, 15 आठवड्यांत बसतात.

प्रत्येक तासाला शाखेमागे तीन विषय पुरे: नऊ वर्ग, सरासरी 67 मुलं. विज्ञानाचा ओई थिअरीचाच ठेवा. प्रॅक्टिकलच्या दोन क्रेडिटांना 60 तास लागतात आणि लॅबमध्ये एका वेळी वीस-पंचवीसच मुलं मावतात.

अर्जात चार पसंतीक्रम घ्या, 40 पेक्षा कमी मुलांचा विषय बंद करा. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ मात्र नकोच. सोपा म्हणून गाजलेला विषय तासाभरात भरतो आणि घरातला एकच मोबाइल संध्याकाळी हाती येणारी मुलं उरलंसुरलं घेतात. हा उघड अन्याय आहे.

मार्कलिस्ट:
वरच्याशी सहमत. फक्त व्हीएससी पसंतीक्रमाच्या यादीत घालू नका, ती मेजरशी जोडलेली असते. विभागातच राहू द्या. आयकेएस, व्हीईसी सगळ्यांना सारखेच असतील तर शाखा एकत्र करून सभागृहात घ्या.

आणि पेपरचे कोड नीट तपासा. आयकेएसचा पेपर व्हीईसीखाली चढला तरी बेरीज 22 च येते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पदवीच्या वेळी आयकेएसचे दोन क्रेडिट कमी निघतात आणि मूल अडकतं. निकाल एबीसीवर (मुलांचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन बँकेवर) चढवण्याआधी प्रत्येक रकान्याची बेरीज वेगळी करा.

वेळापत्रक_समिती:
मनापासून आभार. 9 मुलांचे विषय ‘स्वयम’वर (केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर) वळवले तर?

मार्कलिस्ट:
चालेल. सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता येतात, पण तुमच्या विद्यापीठाची मान्यता आधी घ्या. ‘स्वयम’च्या परीक्षेची तारीखही नोंदणीपूर्वीच बघा. ती आपल्या निकालानंतरची असेल तर मार्कलिस्टवर तो पेपर कोरा राहतो.