स्टेशनावर उतरल्यावर पुढे काय?

कोकण रेल्वेचं दुहेरीकरण झालं, म्हणजे एकेरी मार्गाशेजारी दुसरा मार्ग टाकला, की कोकणातल्या प्रवाशांचे हाल संपतील, असं इथल्या चर्चेत म्हटलंय. दुहेरीकरण हवंच. रोहा-वीर टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पुढे बहुतेक मार्ग एकेरीच. म्हणून क्रॉसिंगला, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट द्यायला, पॅसेंजर बाजूला थांबते आणि एक्स्प्रेस पुढे जाते.

पण सावंतवाडी पॅसेंजर अशी थांबली की डब्यात गप्पा निघतात, आणि लोकांची खरी चिंता उतरल्यानंतरची असते. आपली बरीचशी स्टेशनं गावाबाहेर. राजापूर रोड तर राजापूरपासून केवढं लांब! परवा कुडाळला उतरणाऱ्या एक मावशी तांदळाचं गाठोडं मांडीवर घेऊन सांगत होत्या, "गाडी लेट झाली की शेवटची बस निघान जाता. मगे रिक्षावालो मागात तितके देवचे लागतत."

माझं म्हणणं, शेवटची बस तरी घड्याळाला न बांधता गाडीला बांधावी. गाडी कुठवर आलीय ते मोबाइलवर दिसतं, एसटीच्या वाहतूक नियंत्रकाने तेवढं बघून बस वीस मिनिटं थांबवावी. त्याला ना रूळ लागतात ना बोगदे. आपापल्या स्टेशनावरून कोणत्या गावाची बस कुठल्या गाडीला हवी, ते इथे लिहा. ग्रामसभेचे ठराव जोडून आगारप्रमुखांना एकत्र निवेदन देऊ. कुडाळचं मी लिहायला घेतो.