नळीभोवतीची कातडी : आधी गळती शोधा

ताई, बाबांच्या पेग नळीभोवती (पोटाला छिद्र करून थेट जठरात अन्न देण्यासाठी बसवलेली नळी) कातडी लाल होऊन चुरचुरते आणि तुम्ही दिवसातून तीनदा बीटाडीन लावता, हे वाचून राहवलं नाही. छिद्राची जखम भरल्यावरही रोज बीटाडीन लावत राहिलं तर कातडी उलट कोरडी पडून सोलते. डॉक्टरांना विचारून ते बंद करा. कोमट पाणी, सौम्य साबण, मग टिपून पूर्ण कोरडं.

आईची नळी मी दीड वर्ष सांभाळली. आमच्याकडे खरं कारण निघालं गळती. पोटातलं आम्ल झिरपून कातडी जाळतं. ते थांबेपर्यंत मलमाचा उपयोग तात्पुरताच. नळी जागेवर धरून ठेवणारी बाहेरची चकती बघा. ती आणि कातडी यांत साधारण अर्धा सेंटीमीटर फट हवी. घट्ट असली तर रुतते, सैल असली तर नळी आतबाहेर सरकून छिद्र मोठं होतं. आम्ही चकतीखाली जाड गॉज कोंबायचो, तेच चुकत होतं, कारण ओलं गॉज कातडीला चिकटून राहायचं. फुग्याची नळी (पोटात पाण्याने भरलेल्या छोट्या फुग्याने अडकून राहणारी) असेल तर फुग्यातलं पाणी तपासायला नर्सकडून शिकून घ्या. फीड देताना आणि नंतर तासभर डोकं 30 ते 45 अंश वर ठेवा. कोरड्या कातडीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर आम्हाला फार उपयोगी पडला.

लालीच्या कडेने बारीक पुटकुळ्या आल्या तर बुरशी असू शकते, तिचं मलम वेगळं. पू, ताप किंवा नळी फिरेनाशी झाली तर घरी थांबू नका. नळी निसटली तर लगेच रुग्णालयात निघा, छिद्र काही तासांतच बुजू लागतं.