गोव्यातून डाउनहिल स्की रेसिंग: सुरुवात नेमकी कुठून करायची?

फर्मागुडीकर

नमस्कार मंडळी. मुलगी तेरा वर्षांची आहे, चार वर्षं इनलाइन स्केटिंग करते. डाउनहिल स्की रेसर व्हायचं तिनं मनावर घेतलंय आणि आम्ही घरी ते हसण्यावारी नेलेलं नाही. भारतात थेट डाउनहिलचं प्रशिक्षण मिळतं का? कितव्या वर्षापर्यंत काय जमायला हवं? स्केटिंगचा उपयोग होतो, की उलट वाईट सवयी लागतात? सामान विकत घ्यावं की भाड्यानं? दुखापतींबद्दलही कोणी स्पष्ट सांगितलं तर बरं. तिच्या आईला तीच मोठी काळजी आहे.

उतरणवाट

डाउनहिलमध्ये थेट कोणीच शिरत नाही, ऑस्ट्रियातली पोरंसुद्धा नाही. स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि शेवटी डाउनहिल, ह्या शर्यतींच्या क्रमानं गेटमधलं (म्हणजे ज्यांमधून वळत जायचं त्या खांबांमधलं) अंतर आणि वेग वाढत जातो. पाया घातला जातो तो जायंट स्लॅलममध्ये. स्की आडवी घसरवून नव्हे, तर धारेवर उभी करून वळण कापायचं, हे तिथं अंगात मुरतं. ज्याचं जायंट स्लॅलम कच्चं, तो ताशी १२० किमीला पहिल्या लांब वळणातच बाहेर फेकला जातो.

भारतात खेलो इंडिया विंटर गेम्समध्ये आल्पाइनचे, म्हणजे उतारावरच्या स्कीइंगचे, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम होतात. डाउनहिलची गोष्टच वेगळी. वर्ल्ड कपला पुरुषांच्या मार्गाचा उभा उतार (सुरुवात आणि शेवट ह्यांच्या उंचीतला फरक) ८०० ते ११०० मीटर आणि महिलांचा ४५० ते ८०० मीटर लागतो. शिवाय पाणी मुरवून टणक केलेला बर्फ, दोन्ही कडांना सुरक्षा जाळ्या, शर्यतीआधी वेळ मोजून सराव फेऱ्या. एक तरी सराव फेरी केल्याशिवाय शर्यतीत उतरू देत नाहीत. गुलमर्गला अफरवत डोंगराची उंची भरपूर आहे, पण वरचा उतार मोकळा आणि बर्फ भुसभुशीत. त्यावर हौशी लोक खूश असतात, पण रेसिंगला तो चालत नाही.

आता तेरा ते सोळा ही तीन वर्षं. सुरुवातीला गुलमर्गची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स, किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट. पण एक कोर्स करून आलं की झालं, असं समजू नका. माझ्या मते वर्षाला चाळीस-पन्नास दिवस बर्फ पायाखाली आला नाही तर रेसिंगचा विषयच काढू नये. आपल्याकडे हंगाम डिसेंबर ते मार्च, म्हणजे नेमका शाळेच्या परीक्षांवर येतो. मुख्याध्यापकांशी दिवाळीआधीच बोलून ठेवा.

एफआयएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतींत उतरायला किमान वय आहे. ज्या वर्षात सोळा पूर्ण होतात, त्या वर्षी सुरू होणाऱ्या हंगामापासून परवानगी मिळते. परवाना स्की अँड स्नोबोर्ड इंडियामार्फत काढायचा. आणि तिथून पुढं सगळं करिअर म्हणजे गुणांचा हिशेब. हे गुण जितके कमी तितके चांगले. नवख्याच्या नावावर ९९९ असतात. सूत्र असं: तुमची वेळ भागिले विजेत्याची वेळ, त्यातून १ वजा, आणि त्याला त्या प्रकाराच्या अंकानं गुणायचं. डाउनहिलचा अंक १२५०, जायंट स्लॅलमचा १०१०. समजा विजेती १०० सेकंदांत आली आणि तुमची मुलगी १०४ मध्ये. १२५० × ०.०४ म्हणजे ५० गुण. त्यात त्या शर्यतीची 'पेनल्टी' मिळवतात. ती उतरलेल्यांच्या दर्जावरून ठरते. स्पर्धक जितके तगडे, तितकी पेनल्टी कमी. पेनल्टी ३० असली तर तिचे गुण झाले ८०.

हा ८० आकडा मी मुद्दाम घेतला. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला डाउनहिल आणि सुपर-जीसाठी मर्यादा ८० गुणांची होती. स्लॅलम आणि जायंट स्लॅलमला मात्र १६० पर्यंत चालत होतं. लहान देशांचे खेळाडू ह्या दोन तांत्रिक प्रकारांतच का दिसतात, त्याचं उत्तर ह्यात आहे. गुलमर्गचा आरिफ खान बीजिंगला गेला तो ह्याच दोन प्रकारांत, आणि जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. डाउनहिलच्या ऑलिंपिक स्टार्टगेटमध्ये भारताकडून उभा राहिलेला माणूस शोधायचा तर १९६० च्या दशकापर्यंत मागं जावं लागतं: जेरेमी बुजाकोव्स्की. हे निराश करायला सांगत नाही. डाउनहिल हे ध्येय ठेवा, पण पुढची चार-पाच वर्षं रोजचं काम जायंट स्लॅलम.

चाकवाला

स्केटिंगचं सांगतो. बाहेरच्या पायावर भार देणं, कंबर आत आणि खांदे बाहेर ठेवून झुकणं, नजर दोन गेट पुढं ठेवणं, ह्या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा कामाला येतात. वाईट सवय एकच, पण चिवट: इनलाइनवाला पोटऱ्या सैल सोडून टाचेवर बसतो. स्कीवर नडगी बुटाच्या जिभेवर सतत दाबलेली हवी. भार मागं गेला की स्कीचं टोक हलकं होतं आणि वळण सुरूच होत नाही. दुसरं, चाक आडवं घसरत नाही. त्यामुळं वेग घासून कमी करणं तिला शून्यापासून शिकावं लागेल, आणि पहिले चार दिवस ती स्वतःवरच चिडेल. घाबरू नका.

वर्ल्ड स्केट ह्या आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेत इनलाइन आल्पाइन नावाचा प्रकारच आहे, गेटमधून उतारावर. बंद रस्त्यावर, हेल्मेट-पॅड घालून, सौम्य उतारावर दहा-बारा खांब लावून सराव होतो. चोर्ला किंवा अनमोड घाटात मात्र नको, कितीही पहाटे गेलात तरी. खनिजाचे नाहीत तर भाजीचे ट्रक असतातच, आणि कडेची बारीक लाल खडी चाकाखाली आली की संपलं.

दुबईला कोणी नातेवाईक असतील (गोव्यात कोणाचे नसतात?) तर तिथलं छताखालचं बर्फाचं केंद्र, स्की दुबई, सोडू नका. सर्वांत लांब उतार ४०० मीटर, उभा उतार साधारण ६० मीटर. डाउनहिलच्या दृष्टीनं अगदीच तुटपुंजा, पण बर्फ टणक आणि बारा महिने. आरिफ खाननं स्लॅलमची ऑलिंपिक पात्रता २०२१ मध्ये दुबईतच मिळवली.

धार_८७

सामानाचं सोपं आहे. स्की भाड्यानं, बूट स्वतःचे. वाढत्या वयात स्कीवर पैसे घालू नका. डाउनहिलची महिलांची स्की किमान २१० सेंमी लांब आणि वळणाच्या ५० मीटर त्रिज्येची असते, ती तेराव्या वर्षी उचलायचीही नाही.

बूट बघताना आतलं अस्तर काढा, पाय रिकाम्या कवचात घाला, बोटं पुढं टेकवा आणि टाचेमागं किती जागा उरते ते पाहा. रेसिंगला ५ ते १० मिमी, शिकाऊला १५ चालेल. त्याच्यापेक्षा जास्त असेल तर बूट मोठा आहे, मग विक्रेता काहीही सांगो. 'वाढता पाय आहे' म्हणून मोठा बूट घेणं हीच सगळ्यांची चूक. टाच आत उचलली जाते, आणि पायानं दिलेला हुकूम स्कीपर्यंत पोचतच नाही. बुटाचा कडकपणा ('फ्लेक्स'चा आकडा) ७० ते ९० च्या दरम्यान ठेवा.

भाड्याच्या स्कीची धार नखानं तपासा. नख आडवं ओढल्यावर त्याचा बारीक कीस निघाला तर धार आहे. नुसतं सरकलं तर परत करा. रेसिंगला बाजूची धार ८७ अंशांवर लावतात: आधी फाइल, मग हिऱ्याची पट्टी जाड ते बारीक, आणि शेवटी रबरी दगडानं धारेवर उरलेला धातूचा बारीक कंगोरा काढायचा. हा कंगोरा राहिला की स्की मध्येच अडकते आणि मूल म्हणतं, 'वळतच नाही.' फ्लोरिनचं वॅक्स (स्कीच्या तळाला लावायचं मेण) कोणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. २०२३-२४ च्या हंगामापासून एफआयएस शर्यतींत त्याला बंदी आहे.

गुडघा_आधी

आईच्या प्रश्नाचं उत्तर. ह्या खेळात तुटतं ते सर्वांत जास्त वेळा गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, म्हणजे एसीएल, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा पडण्याआधीच. घडतं असं: वळणात बाहेरची स्की क्षणभर बर्फावरून सुटते. पाय सरळ होऊन तिला शोधायला जातो, तेवढ्यात तिची आतली धार एकदम चावते आणि गुडघा आत वळतो. सगळं सेकंदाच्या अंशात. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) सुटलं नाही म्हणून एसीएल गेलं, असं लोक म्हणतात. पण बाइंडिंग बनवलंय ते मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला, ह्या पिळापासून ते वाचवेलच असं नाही. ते किती जोराला सुटावं त्याचा आकडा वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, वय आणि कौशल्य पाहून माहितगारानंच लावावा. 'रेसरचं घट्ट असतं' म्हणून वाढवू नये.

शस्त्रक्रिया झाली तर मैदानात परतायला साधारण ९ ते १२ महिने लागतात. म्हणजे एक हंगाम गेलाच. वर्ल्ड कपच्या वेगवान प्रकारांत (डाउनहिल, सुपर-जी) २०२४-२५ पासून एअरबॅग सक्तीची आहे. ती छाती-पाठ सांभाळते, गुडघा नाही.

गुडघा सांभाळतात ते मांडीच्या मागचे स्नायू आणि नितंब. ह्यासाठी गोव्यातली उंचसखल वस्ती उत्तम. चढण्यापेक्षा उतरण्याचा व्यायाम द्या: पायऱ्या हळू उतरणं, एका पायावर सावकाश बसणं, ३० सेंमीच्या ठोकळ्यावरून उडी टाकून गुडघे आत न वळवता स्थिर थांबणं. समोरून मोबाइलवर चित्रण करा. गुडघे एकमेकांकडं झुकताना दिसले तर उंची कमी करा. आणि गुलमर्ग २६५० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून थेट गेलात तर पहिले दोन दिवस हलकेच ठेवा.

फर्मागुडीकर

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. ह्यावर पोट भरतं का? आणि बूट घेतले तर पावसाळ्यात फोंड्याच्या दमटीत ते टिकवायचे कसे?

उतरणवाट

वरच्या मोजक्या लोकांचं भरतं. ऑस्ट्रियातल्या कित्सब्यूलच्या डाउनहिल विजेत्याला २०२४ मध्ये १ लाख युरो मिळाले. पण वर्ल्ड कपला गुण फक्त पहिल्या तिसांना, पहिल्याला १०० आणि तिसाव्याला १, आणि बक्षिसंही वरच एकवटलेली. म्हणून इटली-ऑस्ट्रियात पुष्कळ रेसर सैन्य, पोलीस किंवा सीमाशुल्क दलाच्या क्रीडा पथकात पगारी असतात. आपल्याकडंही सेना आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) खेळाडू ह्याच वाटेनं येतात. एक जमेची बाजू: ह्या खेळात वय लवकर संपत नाही. फ्रान्सच्या योहान क्लारेनं बीजिंगला डाउनहिलचं रौप्य घेतलं तेव्हा तो ४१ वर्षांचा होता.

धार_८७

काश्मीरहून आल्याच दिवशी अस्तर कवचातून बाहेर काढा आणि पंख्याखाली दोन दिवस वाळवा. उन्हात नको, फोम कडक होतो. मग परत घालून बकल सैल लावून ठेवा. उघडे ठेवले तर कवच फाकतं आणि पुढच्या डिसेंबरला पाय सैल बसतो. पुढं स्वतःची स्की आली की तिच्या धारेवर तळाबरोबरच वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यातच गंज धरतो. बंद पिशवीत काहीच ठेवायचं नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा अस्तर काढून वास घ्या, कुबट आला तर पुन्हा पंखा.