पळवून नेलेली पोरं परत यायला तयार का नव्हती?

निपाणीचा_पावणा:
नमस्कार मंडळी. दोन रात्री जागून अमेरिकेतल्या इंडियन लढायांचं वाचायलोय (तिथल्या मूळ लोकांचं, आपलं नव्हे) आणि ती सिंथिया अ‍ॅन पार्कर काय डोक्यातनं जाईना. १८३६ ला टेक्सासात कोमांची लोकांनी पळवली, वय नऊ-दहा, डोळ्यादेखत बाप गेलेला. पुढं तिथंच लग्न, तीन पोरं, आणि १८६० ला रेंजर्सनी (टेक्सासच्या सरकारी लढवय्या तुकडीनं) ‘सोडवली’ तर ही सारखी परत पळून जायला बघायची. बाप मारणाऱ्यांकडं कोण परत जाईल ओ? माया लागली म्हणायची का धाक? मिसेस म्हणते लहान होती, विसरली. खरं नऊ वर्षाचं पोर काय विसरतं, आमच्याकडचं मागच्या दिवाळीला कबूल केलेली सायकल अजून विसरलं नाही.

खानापूर_पाऊस:
विसरायला वेळ लागत नाही बघा. आमची आत्या बैलहोंगलकडं दिली, चाळीस वर्षं झाली, फोन उचलला की आधी कन्नडमधनं ‘हं, हेळ’ (सांग) म्हणते, मग माझा आवाज ओळखून ‘बोल रे बाळा’. माणूस जिथं जेवतं तिथलं होतं.

कॅम्पातली_काकू:
आत्या वाजतगाजत, भांड्याकुंड्यासकट गेली हो! ह्या पोरांनी घरच्यांची प्रेतं बघितलीत, तुलना करताना जरा जपून.
आता मूळ प्रश्न. त्याच हल्ल्यात पाच जण पळवले होते. त्यात सिंथियाची चुलत बहीण रेचेल प्लमर, सतरा वर्षांची, पोटुशी, कडेला दीड वर्षाचा मुलगा. मुलगा हातातनं काढून दुसरीकडं नेला, तिकडं जन्मलेलं तान्हं मारलं, तिला गुलामासारखं राबवलं. १८३८ ला घरी आली आणि साधारण वर्षभरानं गेली. हल्ला तोच, माणसं तीच, फरक वयाचा. मोठ्यांना राबवायचे नाहीतर पैसे घेऊन सोडायचे. नऊ-दहाच्या आसपासची पोरं मात्र घरात घ्यायचे, कारण देवी-पटकीनं आणि लढायांनी त्यांचीच माणसं संपत चाललेली, गेलेल्या लेकराच्या जागी दुसरं लेकरू पाहिजे. त्यामुळं ‘माया का धाक’ असं विचारूच नका, आधी धाक होता आणि मग माया, दोन्ही खरं.

टिळकवाडी_रिटायर्ड:
काकूंना अनुमोदन. आपल्याकडं १८२४ ला कित्तूरच्या लढाईत कंपनीचे स्टीव्हनसन आणि एलियट पकडले होते, ते ओलीस, मोठे साहेब, नंतर सुटले. ओलीस वेगळा आणि पोटच्यासारखा वाढवलेला वेगळा. (गंमत म्हणजे कित्तूरचं भांडण पेटलं तेच दत्तकावरनं, कंपनी शिवलिंगप्पाचं दत्तक मानायला तयार नव्हती.)
खरं सगळे गोऱ्या पोरांचंच का बोलतात? १८७२ ला अमेरिकी सैन्याच्या कर्नल मॅकेंझीनं कोमांचींच्या तळावर हल्ला करून शंभरावर बायकापोरं धरली आणि फोर्ट काँचो ह्या लष्करी ठाण्यात महिनोन्‌महिने ठेवली, त्यांना सोडवायला म्हणून कोमांचींनी आपल्याकडची पळवलेली माणसं परत दिली. १८७१ ला यावापाय जमातीचा वासाजा नावाचा पोरगा दुसऱ्या जमातीनं पळवला आणि एका इटालियन फोटोग्राफरला तीस डॉलरला विकला. तोच पुढं डॉक्टर कार्लोस माँटेझुमा, आपल्या लोकांच्या हक्कासाठी सरकारशी भांडत राहिला. आणि १८७९ पासून कार्लाइलच्या बोर्डिंग शाळेत ह्याच मूळ लोकांची पोरं नेऊन केस कापायचे, नाव बदलायचे, आपली भाषा बोलली की शिक्षा. त्याला कुणी पळवणं म्हणालं नाही, शिक्षण म्हणाले. शाळेत कुठली भाषा ह्यावर भांडून भांडून आपली सीमाभागातल्यांची हाडं झिजलीत, त्यामुळं मला हे जरा जास्तच लागतं.

निपाणीचा_पावणा:
सर, भाषेचा विषय नको, थ्रेड लॉक होईल 😀
काकू, पटलं. सिंथियाचा एक फोटो आहे, सोडवल्यानंतरचा. केस कानापर्यंत कापलेले, मांडीवर पोरगी, अंगावर पाजवायली आहे आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. मला वाटलं सोडवणाऱ्यांनीच केस कापले असणार, तर कोमांची बायका सुतकात तसे कापतात म्हणे. म्हणजे नवरा आणि दोन पोरं तिकडं राहिली म्हणून तिनं सुतक धरलेलं आणि इकडं लोक तिला बघायला गर्दी करून, सरकारनं जमीन आणि वर्षाला शंभर डॉलर मंजूर केलेले. मांडीवरली ती पोरगी पण काही वर्षांत गेली. मुलगा क्वाना पुढं मोठा म्होरक्या झाला, १९१० ला त्यानं आईच्या अस्थी ओक्लाहोमात आणवल्या.

खानापूर_पाऊस:
काकू, आत्याबद्दल सॉरी, उगीच बोललो. एक मात्र वाचा, हर्मन लेमन. जर्मन घरातलं पोरगं, १८७० ला अपाची जमातीनं नेलं, १८७८ ला सैनिकांनी घरी आणून सोडलं. आईनं ओळखलं नाही आणि त्याला जर्मनचा एक शब्द येईना. मग बहिणीनं त्याच्या अंगावरचा वण शोधला, लहानपणी खेळताना तिच्याच हातनं कुऱ्हाड लागलेली, आणि घरच्यांनी ‘हर्मन, हर्मन’ लावलं. त्याला ते कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं, हे आपलंच नाव आहे हे कळायला अजून थोडा वेळ गेला. तरी पलंगावर झोपायचा नाही आणि डुकराचं मांस पुढं केलं की ताट सरकवायचा.

कॅम्पातली_काकू:
अरे सॉरी कशाला, आत्याला नमस्कार सांग. आणि पावणे, त्या पोराला सायकल घेऊन द्या आधी.