व्हॅम्पायर झालेली नायिका आणि तिचे आजारी शरीर

सायली_लिहिते (प्रश्न):
मी सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांसाठी व्हॅम्पायरची कादंबरी लिहीत आहे. नायिकेला अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळत राहण्याचा मानसिक आजार) आहे आणि कथेच्या मध्यावर ती व्हॅम्पायर होते. पहिला खर्डा वाचताना लक्षात आले, की पांढरीफटक त्वचा, गार हात, मंदावलेले ठोके हे शब्द आधीच्या प्रकरणांत मी आजाराची लक्षणे म्हणून वापरले होते आणि रूपांतरानंतर तेच शब्द सौंदर्यवर्णनात आले आहेत. हा दोष माझ्या लेखनाचा आहे, की या साहित्यप्रकारातच तो मुरलेला आहे?

जुना_वाचक:
मुरलेलाच आहे, असे माझे मत आहे. या कथांतला भला व्हॅम्पायर तो, जो रक्ताची तहान दाबून धरतो. म्हणजे भुकेवरचा ताबा हेच तिथे चारित्र्य ठरते, आणि उपाशी राहण्याला विजय मानणाऱ्या वाचकाला तर हेच ऐकायचे असते. जॅकी मोर्स केसलर यांची ‘हंगर’ (२०१०) जरूर वाचा. त्यात अ‍ॅनोरेक्सिया असलेली मुलगी बायबलमधल्या, जगाच्या अंताशी जोडलेल्या चार घोडेस्वारांपैकी ‘दुष्काळ’ हा घोडेस्वार होते. तिला सामर्थ्य मिळते खरे, पण जिथे लोकांची रोजची उपासमार चालू आहे अशा ठिकाणीही तिला जावे लागते.

नीरजा_क:
मी या आजारातून गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. उपाशी माणसाच्या जाणिवा व्हॅम्पायरसारख्या तल्लख होत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांना काही महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास झाला होता. ते खिन्न झाले, त्यांना सतत थंडी वाजू लागली आणि काहीजण तर पाककृती गोळा करू लागले. माझेही तसेच झाले होते. मैत्रिणीने वाढदिवसाचा केक पुढे केला, तेव्हा ती काय बोलत होती ते माझ्या कानांवर आलेच नाही, कारण तुकडा केवढा आहे एवढेच मला दिसत होते आणि स्वेटरच्या बाह्या मी निळसर नखांवर ओढून धरल्या होत्या. ही एकाग्रता नव्हती, माझे सगळे जग त्या बशीएवढे झाले होते. एक कळकळीची विनंती आहे: वजनाचे आणि कॅलरींचे आकडे लिहू नका, कारण आजारात असताना मी असा प्रत्येक आकडा गाठायचे लक्ष्य म्हणूनच वाचत असे.

अनघा_श्री:
नीरजाताईंशी सहमत आहे. शिवाय रूपांतराने आजार बरा झाला असे दाखवू नका. शरीर बदलले तरी स्वतःकडे बघण्याची तिची नजर जुनीच राहील. आरशात प्रतिबिंब दिसेनासे झाल्यावर, दिवसातून वीसदा आरसा पाहणारी मुलगी काय करेल, हे मला वाचायला आवडेल.

सायली_लिहिते:
सर्वांचे मनापासून आभार. आकडे आजच काढून टाकले. रूपांतराचा प्रसंग आता धाकट्या बहिणीच्या नजरेतून लिहून पाहते. तिला ते हात गार लागतात आणि ती आधी पांघरूण आणायला धावते.