महिना ७०० किमी रनिंग, सीएनजी घेऊ की सेकंडहँड पेट्रोल?

चिंचवडकर_८८: ऑफिस हिंजवडीत, आठवड्याला तीनच दिवस जावं लागतं. गाव पाटणजवळ, दीड-दोन महिन्यातून एक चक्कर. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता त्यांना एसटीने न्यायला नको वाटतं म्हणून पहिली गाडी घ्यायचीय. बजेट ८, ओढूनताणून ९. शोरूमवाला म्हणतो सीएनजीच घ्या, पण पेट्रोलपेक्षा ९५ हजार जास्त सांगतोय. भावजी म्हणतात नवी कशाला, साडेचारात पाच वर्षं वापरलेली मिळेल. डोकं बंद पडलंय.

हिशोबी_माणूस: पेट्रोल १०४ धरा आणि सिटीत १६ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे किमीला साडेसहा रुपये. सीएनजी ९२ धरून २३ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे ४ रुपये. अडीच रुपये वाचले, ७०० किमीला १७५०. ९५ हजार वसूल व्हायला साडेचार वर्षं गेली आणि त्यात वर घेतलेल्या लोनचं व्याज धरलंच नाहीये. महिना १५०० फिरत असता तर डोळे झाकून सीएनजी म्हणालो असतो.

खंबाटकी_फॅन: माझी सीएनजी आहे, तीन वर्षं झाली, आत्ताच सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करून आणली, ती दर तीन वर्षांनी करावीच लागते. सिटीत मजा आहे पण भरल्या गाडीने घाट चढताना मी सरळ पेट्रोलवर टाकतो, एसी पण बंद. आणि दादा, एक गोष्ट शोरूमवाला सांगणार नाही, गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात. माझ्या आईचे पण गुडघे गेलेत, अर्धा तास लाइनीत थांबायचं, मग तिला धरून उतरवायचं, परत बसवायचं, शेवटी आई बरोबर असली की मी पेट्रोलच जाळतो. डिकीचं तर बोलूच नका, गावाहून तांदळाचं पोतं आणलं तर मागच्या सीटवर आजीशेजारी. (टाटाच्या दोन छोट्या सिलिंडरवाल्या गाड्यांत डिकी बरी राहते, ती बघा.)

जुनं_ते_सोनं: सेकंडहँडला नावं ठेवू नका पण घाई नको. मी पहिली घेतली ती चकाचक पॉलिश केलेली, पहिल्याच पावसात कार्पेट उचललं तर सीटचे बोल्ट लाल गंजलेले, खाली वाळलेला गाळ. पुरातली गाडी! तेव्हापासून आधी कार्पेट उचलतो, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतो, मग टायरवरचे चार आकडे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेले, म्हणजे जुने झाले, नव्या टायरचे २०-२५ हजार वेगळे काढून ठेवा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलन थकलंय का तेही बघा. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा, आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आधीच्या मालकाकडेच राहतो, तो तुम्हाला मिळेल असं कोणी सांगितलं तर थाप आहे.

चिंचवडकर_८८: गॅस भरताना उतरायचं हे डोक्यातच नव्हतं, सीएनजी कट. रविवारी बाबांनाच घेऊन जातो, कुठल्या सीटवर त्यांना नीट बसता-उठता येतं ते बघतो, नवी-जुनी नंतर. आत्ता हे सगळं बायकोला वाचून दाखवलं तर म्हणते सोसायटीत पार्किंगचं विचारलंस का. नाही विचारलं.