ह्यूस्टन: आईसाठी ख्रिस्ती गाण्यांचं बिनजाहिरातीचं रेडिओ स्टेशन सुचवा

केटीकर
मंडळी, आई नगरहून आली आहे. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की घरात एकटीच. टीव्ही तिला नको, पण भाजी निवडताना कानावर गाणी हवीत. फोनवर लावून दिलं तर कुठेतरी बोट लागतं आणि बंद पडतं, म्हणून साधा बटणांचा रेडिओच आणतोय. आवड जुन्या उपासनेतल्या गीतांची. जाहिराती नकोत, प्रवचन बेताचं चालेल.

बायूकाठची
89.3, केएसबीजे. परवाना शेजारच्या हम्बल गावचा, 1982 पासून सुरू आहे, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. गाडीत माझं तेच लागलेलं असतं. पण खरं सांगू? सगळा मामला गिटार-ड्रम्सचा, आजकालचा. काकूंना कितपत रुचेल शंका आहे.

खरखर
काकूंसाठी 105.7 केएचसीबी. 1962 पासूनचं स्टेशन. कॉयर, पियानो, जुनी हिम्स म्हणजे उपासनेतली गीतं. इंग्रजी शब्द नाही कळले तरी अडणार नाही, कारण आपल्याकडची कितीतरी गीतं मिशनऱ्यांनी याच चालींवर मराठीत बसवलेली आहेत. दुसऱ्या ओळीला काकू मराठीत गायला लागतील बघा. प्रवचनं मात्र भरपूर असतात, ते आधीच सांगून ठेवतो.

बिनजाहिरातीचं म्हणजे काय तेही ऐका. अमेरिकेत एफएमचा 88 ते 92 हा पट्टा ना-नफा स्टेशनांसाठी राखीव आहे. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, 105.7 त्याबाहेर असूनही देणग्यांवरच चालतं. अशा स्टेशनवर मदत करणाऱ्या दुकानाचं नाव घेता येतं, 'अमुक डॉलरला मिळेल, आजच या' असं म्हणता येत नाही. त्याऐवजी अधूनमधून देणगीसाठी हाक मारतात. तेवढे दिवस कान किटतात, सोसायचं.

नवखा_टेक्सन
के-लव्ह का नको? सगळीकडे लागतं.

खरखर
म्हणूनच. ते देशभराचं जाळं आहे, एकच कार्यक्रम गावोगाव. वाईट नाही, पण ह्यूस्टनचं माणूस ह्यूस्टनबद्दल बोलतंय ही मजा त्यात नाही. आणि गाणी पुन्हा नवीनच.

पुणेरी_पाहुणा
असलं एखादं स्टेशन आपल्याकडे का नाही?

खरखर
आपल्याकडे धार्मिक संस्थांना खाजगी एफएमचा परवानाच मिळत नाही. (अवांतर: नगरच्या काकूंना 'फेबा' हे ख्रिस्ती रेडिओ स्टेशन आठवतं का विचारा. सेशेल्स बेटांवरून शॉर्टवेव्हवर यायचं, 2003 मध्ये तिथलं प्रक्षेपण थांबलं.)

केटीकर
फेबा म्हटल्यावर आई खुलली, वडील रात्री काटा फिरवत बसायचे म्हणाली. 105.7 लावलंय. चाली ओळखीच्या निघाल्या, पण प्रवचन लागलं की आवाज बारीक करते. रेव्हरंड टिळकांची भजनं कुठे लागतील विचारते आहे.

बायूकाठची
ती इथल्या कुठल्याच रेडिओवर नाही लागायची. पेनड्राइव्हवर भरा, आणि रेडिओ घेताना यूएसबीचं भोक असलेलाच घ्या. देणगी दिलीत तर पावती जपून ठेवा, करात वजावट मिळू शकते.